स्टेशन ते स्टँड: मध्यम आकाराच्या शहरात ट्रान्झिट हब कसं आखावं

कोल्हापूरचं रेल्वे स्टेशन आणि मध्यवर्ती बसस्थानक यांच्यात जेमतेम अर्धा किलोमीटर अंतर आहे. सकाळी महालक्ष्मी एक्स्प्रेसमधून उतरून गारगोटीची एसटी पकडायची, तर नकाशावर हे सात मिनिटांचं काम दिसतं. हातात दोन बॅगा, सोबत वयस्कर आई आणि वरून जुलैचा पाऊस असला की तेवढ्यासाठीच रिक्षा करावी लागते. ट्रान्झिट हब, म्हणजे एका साधनातून उतरून दुसरं पकडण्याचं ठिकाण, आखायचं तर आधी हे अंतर सुसह्य करायचं. इमारत, काचा, वरचे मजले हे सगळं त्यानंतर.

ही मांडणी महापालिकेत नव्याने रुजू झालेले अभियंते, वास्तुविशारद, नगरसेवक आणि आपल्या शहरातल्या प्रस्तावावर हरकती-सूचना नोंदवू पाहणारे नागरिक यांच्यासाठी आहे. शहर पाच ते दहा लाख वस्तीचं धरलं आहे: मेट्रो नाही, पण रेल्वे, एसटी, सिटी बस, रिक्षा आणि वडाप (गावोगावी जाणाऱ्या खासगी प्रवासी गाड्या) आहेत. हिशेबातली प्रवासीसंख्या उदाहरणापुरती आहे. तुमच्या शहराची तुम्हालाच मोजावी लागेल.

१. आधी माणसं मोजा, मग जागा

बहुतेक प्रस्ताव जागेपासून सुरू होतात. 'अमुक एकर मोकळी आहे, तिथे काय बसेल?' असं विचारलं की उत्तर व्यापारी संकुल येतं. सुरुवात मोजणीने करा. तीन मोजण्या पुरतात, पण त्या मनापासून करायला हव्यात.

पहिली, चढ-उतार. सकाळी ६ ते रात्री १० दर पंधरा मिनिटांना, प्रत्येक साधनाचे चढणारे आणि उतरणारे वेगळे. एक साधा मंगळवार किंवा बुधवार, एक आठवडी बाजाराचा दिवस, एक रविवार आणि एक सणाचा किंवा यात्रेचा दिवस घ्या. कोल्हापुरात नवरात्र आणि जोतिबाची चैत्र यात्रा वगळून केलेली मोजणी निरुपयोगी ठरेल. रात्री उशिरा आणि पहाटे येणाऱ्या गाड्या वेगळ्या मोजा. त्या वेळी सिटी बस नसते आणि सगळा भार रिक्षांवर येतो.

दुसरी, बदलाची मोजणी. प्रवाशाला तीनच प्रश्न: इथे कशाने आलात, इथून कशाने जाणार, शेवटी कुठे पोहोचायचं आहे. प्रत्येक साधनामागे किमान ४०० जणांना विचारा, म्हणजे टक्केवारीत साधारण पाच टक्के इकडेतिकडे एवढीच चूक राहते. मात्र फक्त फलाटावर बसलेल्यांना विचारू नका. घाईत असलेला माणूस बसत नाही आणि तोच नेमका गाडी बदलणारा असतो.

या उत्तरांचा एक चौकोनी तक्ता करा. उभ्या बाजूला येण्याची साधनं, आडव्या बाजूला जाण्याची. ज्या चौकटीत सर्वांत मोठा आकडा, त्या दोन साधनांमध्ये सर्वांत कमी चालणं. पुढची अख्खी आखणी या एका नियमावर उभी आहे. एसटीतून उतरून सिटी बसने जाणारे जास्त निघाले आणि आराखड्यात मात्र गाड्यांचं पार्किंग फलाटाला चिकटून असलं, तर तो आराखडा परत पाठवा.

तिसरी, बसच्या थांबण्याची मोजणी. प्रवेशद्वारावर एक जण, बाहेर पडण्याच्या दारावर एक जण. दोघांनी फक्त गाडीचा नंबर आणि वेळ लिहायची. बस आत किती मिनिटं राहते ते कळतं. हा आकडा किती महाग पडतो ते पुढे येईलच.

याच दिवसांत लोक प्रत्यक्षात कुठून चालतात ते नकाशावर उतरवा. कुंपणाच्या भिंतीला पडलेलं भगदाड, रुळांच्या कडेची पायवाट, दोन दुकानांमधली बोळ. लोकांनी पायांनी आखून दिलेला हा आराखडा असतो आणि तो क्वचितच चुकतो.

२. जागा कुठली

सामानाशिवाय चालणारा माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो, म्हणजे २५० मीटरला साडेतीन मिनिटं. सामान, लहान मूल किंवा म्हातारपण असेल तर तेच अंतर पाच मिनिटांवर जातं. वर छत असेल तर २५० मीटर लोक आनंदाने चालतात, ४०० मीटर कुरकुरत चालतात. त्यापुढे रिक्षा.

म्हणून बायपासवर गायरान मोकळं आहे म्हणून हब तिकडे नेण्याच्या मोहात पडू नका. रेल्वे स्टेशन उचलून नेता येत नाही. बस बायपासला गेली की प्रवासी आधीच्याच चौकात उतरत राहतात, वडाप तिथेच भरतं, आणि नव्या फलाटांवर चालक-वाहकांशिवाय कुणी दिसत नाही. जिथे स्टेशन आणि स्टँड आधीच जवळ आहेत, तिथे नवं हब बांधण्यापेक्षा ते अर्ध्या किलोमीटरचं अंतर नीट शिवून घेणं स्वस्त आणि उपयोगी: सलग छत, रुंद फूटपाथ, आणि सिटी बसचा थांबा दोघांच्या मधोमध.

नाशिकची गोष्ट वेगळी. नाशिकरोड स्टेशन शहरातल्या सीबीएसपासून (मध्यवर्ती बसस्थानकापासून) नऊ-दहा किलोमीटरवर आहे. अशा शहरात एक हब होऊच शकत नाही. दोन टोकं मानायची, दोन्हीकडे छोटी केंद्रं करायची आणि मधली बस इतकी वारंवार ठेवायची की वेळापत्रक बघावं लागू नये.

जागा ठरवताना पुराची खूण पाहा. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांच्या पातळ्या नोंदलेल्या आहेत. तळमजल्याची पातळी आणि विजेचं उपकेंद्र त्यातल्या सर्वांत वरच्या खुणेच्याही वर हवं.

३. मालक कोण, हे कागदावर आणा

हब रखडण्याचं सर्वांत मोठं कारण तांत्रिक नसतं. स्टेशनची जमीन रेल्वेची, स्टँडची एसटी महामंडळाची, मधला रस्ता महापालिकेचा किंवा सार्वजनिक बांधकाम खात्याचा, रिक्षा थांबे प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाच्या अखत्यारीत आणि चौकातला शिपाई वाहतूक शाखेचा. प्रत्येकाची स्वतःची भिंत असते आणि प्रवाशाला प्रत्येक भिंतीला वळसा घालावा लागतो.

२००६च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने दहा लाखांवरच्या शहरांसाठी एकत्रित परिवहन प्राधिकरण सुचवलं. त्याहून लहान शहरांनी वाट पाहत बसू नये. कोचीतल्या वैट्टिला मोबिलिटी हबचं उदाहरण अभ्यासण्यासारखं आहे. तिथे हबसाठी स्वतंत्र सोसायटी स्थापन झाली, २०११ मध्ये बसस्थानकाचा पहिला टप्पा सुरू झाला, २०१९ मध्ये मेट्रो येऊन मिळाली आणि २०२३ मध्ये वॉटर मेट्रो, म्हणजे बोटसेवा. चालवणारी संस्था आणि राखलेली जागा आधीपासून असल्यामुळे नंतर येणाऱ्या साधनांना टेकायला ठिकाण मिळालं.

आपल्याकडे निदान तीन करार नकाशा काढण्याआधी हवेत. पहिला जमिनीचा: कुणाची किती, किती वर्षांसाठी, मालकी कुणाकडे राहणार. दुसरा चालवण्याचा: झाडलोट, दिवे, लिफ्ट, सुरक्षा कोण बघणार आणि रात्री दोन वाजता लिफ्ट अडकली तर फोन कुणाला. तिसरा उत्पन्नाचा: दुकानभाडं, पार्किंग, जाहिराती यांची वाटणी. तिसरा करार लोक पुढे ढकलतात आणि इमारत उभी राहिल्यावर त्यावरूनच उद्घाटन अडतं. शिवाय हबला एकच व्यवस्थापक हवा, ज्याचा शब्द एसटीचे वाहतूक नियंत्रक आणि सिटी बसचे कंट्रोलर दोघेही मानतील.

रेल्वेच्या हद्दीतल्या कामाला वेळ लागतो, तो आधीच धरा. पादचारी पूल रुळांवरून न्यायचा तर त्याचा सर्वसाधारण आराखडा रेल्वे मंजूर करते, काम बहुधा 'डिपॉझिट वर्क' म्हणून, म्हणजे आपण पैसे भरायचे या तत्त्वावर, रेल्वेच करते आणि गर्डर टाकायला गाड्या थांबवून ब्लॉक घ्यावा लागतो. वर २५ हजार व्होल्टची तार असते. ठेकेदाराच्या वेळापत्रकात हे तीन महिन्यांचं काम लिहिलेलं दिसलं, तर ते वेळापत्रक मानू नका.

४. फलाट किती, याचा हिशेब

सूत्र सोपं आहे: तासाला येणाऱ्या बसगाड्या, गुणिले थांबण्याची मिनिटं, भागिले ६०. बसगाड्या कधी एकदम चार येतात, कधी एकही येत नाही, म्हणून उत्तराला पुन्हा ०.७५ ने भागायचं.

गर्दीच्या तासाला ६० एसटी येतात आणि प्रत्येक १५ मिनिटं फलाटावर उभी राहते असं धरू. १५ फलाट, ०.७५ ने भागले की २०. आता चालक-वाहकांची विश्रांती आणि नोंदणी वेगळ्या उभ्या राहण्याच्या जागेत नेली आणि फलाटावर बस फक्त ८ मिनिटं राहिली, तर ८ भागिले ०.७५, म्हणजे ११ फलाट. नऊ फलाट वाचले.

नऊ फलाट म्हणजे किती जमीन? तिरक्या फलाटाला बसमागे साधारण साडेचार मीटर रुंदी लागते. खोली: प्रवाशांसाठी ८ मीटर, बससाठी १२ मीटर आणि मागे घेऊन वळायला १८ मीटर, एकूण ३८. गुणाकार केला की सुमारे १,५४० चौरस मीटर, म्हणजे पंधरा गुंठे! शहराच्या मध्यभागी. उभ्या गाड्यांना दाटीवाटीने लावायला यापेक्षा पुष्कळ कमी जागा लागते आणि ती जरा लांब असली तरी चालते. फलाट म्हणजे पार्किंग नव्हे, हे एकदा ठरवलं की निम्मा प्रश्न सुटतो.

सिटी बसचं गणित वेगळं. ती इथे संपत नसेल, पुढे जात असेल, तर ३ मिनिटं पुरतात. तासाला ८० बस धरल्या तरी ४ थांबे, आणि तिच्या येण्यात जास्त अनियमितता असते म्हणून ०.६ ने भागून ७. हे थांबे सरळ आत येऊन सरळ बाहेर पडण्याचे हवेत. सिटी बसला कधीही मागे घ्यायला लावू नका. एसटीच्या तिरक्या फलाटावर बस मागे घ्यावीच लागते आणि वाहक शिट्टी वाजवत मागे उभा असतो. म्हणून त्या बाजूला प्रवाशांना पायच ठेवता येऊ नये, असं जाळीचं कुंपण हवं. प्रवासी फक्त बसच्या तोंडाकडे.

इतर मापं थोडक्यात: बसची लांबी १२ मीटर, रुंदी २.६ मीटर, वळणाची बाहेरची त्रिज्या १२ ते १३ मीटर, वर मोकळी उंची ५.५ मीटर. खांबांची जागा ठरवताना ही वळणं नकाशावर फिरवून पाहा. वरच्या मजल्याच्या पार्किंगसाठी सोयीचे खांब नेमके बसच्या वळणात येतात आणि वर्षभरात प्रत्येक खांबाचा कोपरा उडालेला दिसतो.

अंगणाला डांबर नको. डिझेल-ऑइलचे थेंब डांबर विरघळवतात आणि जागच्या जागी वळणारी चाकं ते ओरबाडतात. पेव्हर ब्लॉक दोन पावसाळ्यांत खचतात. एम-४० दर्जाचं काँक्रीट, खाली नीट दाबलेला थर, आणि पाणी प्रवाशांपासून लांब वाहील असा शंभराला एकचा उतार.

५. चालण्याची वाट: इथे काटकसर नको

टर्मिनसला गाडी लागली आणि ६०० माणसं उतरली. ती पाच मिनिटांत बाहेर पडणार, म्हणजे मिनिटाला १२०. समोरून गाडी पकडायला येणारे ३० टक्के धरले की १५६. सपाट वाटेवर मीटरभर रुंदीतून मिनिटाला ४० माणसं सुखाने जातात. म्हणजे ३.९ मीटर, दोन्ही भिंतींलगतचा अर्धा-अर्धा मीटर कुणी वापरत नाही, म्हणून ५ मीटर. ही रुंदी मोकळी हवी. तिकीट यंत्र, कचरापेटी, चहाच्या टपरीपुढची रांग हे सगळं पाच मीटरच्या बाहेर.

जिन्यावर सामानासह मिनिटाला मीटरमागे २५ धरा. १५६ भागिले २५, म्हणजे सव्वासहा मीटर. एकच रुंद जिना करण्यापेक्षा सव्वातीन मीटरचे दोन, वेगवेगळ्या टोकांना.

आणि जिन्याचं तोंड कधीही उघड्या पावसात सोडू नका. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. पावसामुळे लोक अरुंद जिन्यावरच आडोशाला थांबले होते आणि मागून गाड्यांची गर्दी येत राहिली. जिना संपतो तिथे छताखाली किमान त्या जिन्यावरची सगळी माणसं उभी राहू शकतील एवढी जागा ठेवणं, हा या आखणीतला जिवाशी संबंधित भाग आहे. खर्च कमी करताना या चौरस मीटरांना हात लावू नये.

छताबद्दल आणखी एक. बससाठी छत साडेपाच मीटर उंच घेतात आणि कड फलाटाच्या कडेलाच संपवतात. आडव्या पावसात त्याचा काडीचा उपयोग होत नाही. कड बसच्या दारावरून दीड मीटर पुढे गेली पाहिजे आणि उंच छताखाली प्रवाशांवर दुसरं, तीन-साडेतीन मीटरवरचं छत हवं.

रस्ता ओलांडायला स्कायवॉक हा पहिला पर्याय म्हणून कुणी पुढे केला तर थांबा. रस्त्यावर साडेपाच मीटर उंची आणि गर्डरची जाडी मिळून साडेसहा मीटर चढायचं, म्हणजे चाळीसहून जास्त पायऱ्या. एकास बाराच्या उताराचा रॅम्प केला तर नुसता उतार ७८ मीटर, मधले विसावे धरून नव्वदच्या आसपास. मुंबई महानगरात २००८पासून बांधलेल्या स्कायवॉकपैकी स्टेशनच्या जिन्याला थेट जोडलेले लोकांनी वापरले. जिथे खाली उतरून पुन्हा चढावं लागत होतं तिथे लोक खालूनच गेले. रस्त्यावर सिग्नल, फूटपाथच्या पातळीला उचललेलं रुंद क्रॉसिंग आणि मधे थांबायला दोन मीटरचा दुभाजक, हे स्वस्त आणि सगळ्यांना जमणारं. पूल फक्त रुळांवरून, आणि तिथे लिफ्ट दोन हव्यात, कारण एक कधी ना कधी बंद असणारच.

दिव्यांग हक्क कायदा २०१६चा आहे, त्यामुळे रॅम्प, स्पर्शफरशा (अंधांना पायाने वाट कळावी म्हणून उंचवटे असलेल्या फरशा), कठडे हे ऐच्छिक राहिलेले नाहीत. चूक होते ती सलगतेत. स्पर्शफरशी स्टेशनच्या हद्दीत संपते आणि स्टँडच्या हद्दीत वीस मीटर पुढे पुन्हा सुरू होते. अंध प्रवाशाने मधले वीस मीटर काय करायचं?

६. रिक्षा आणि वडाप

रिक्षा 'बाहेर कुठेतरी' ठेवली की ती गेटच्या तोंडावर उभी राहते. हा रिक्षावाल्यांचा दोष नाही, आखणीचा आहे. गाडीतून उतरलेल्या ६०० पैकी १५० जण रिक्षाने जाणार, दोघांमागे एक, म्हणजे पंधरा मिनिटांत ७५ रिक्षा, मिनिटाला ५. सामान ठेवून निघायला ४० सेकंद लागतात, म्हणून एका जागेवरून मिनिटाला दीड. मग एकाच वेळी भरायला ४ जागा लागतील. त्यांच्या मागे चार रांगांत ४० रिक्षा उभ्या राहतील अशी ३० मीटर लांब जागा. बाकीच्या येताना प्रवासी सोडून रांगेत लागतात, म्हणून सोडण्याची जागा रांगेच्या शेपटाशी ठेवा; शहरभर वळसा नको. रांगेला छत, प्रीपेड खिडकी आणि रात्री चालू राहणारा दिवा, एवढं असलं की भांडणं निम्म्याने कमी होतात.

वडापचा प्रश्न अवघड आहे. स्टँडपासून २०० मीटरच्या आत खासगी प्रवासी वाहनं थांबवायला मनाई असते आणि तरी जिथे एसटीच्या फेऱ्या विरळ, तिथे गावोगावचा माणूस वडापनेच घरी जातो. आमचं स्पष्ट मत: त्यांना नकाशातून पुसू नका. २०० मीटरच्या रेषेबाहेर, पण छताच्या वाटेच्या टोकाला, त्यांना नेमून दिलेली जागा द्या आणि पाटी लावा. जागा दिली नाही तर ती घेतली जाते, आणि मग चौक अडतो. फेरीवाल्यांचंही तेच: २०१४च्या पथविक्रेता कायद्यानुसार त्यांची जागा आखून द्यायची, तीही पाच मीटरच्या वाटेबाहेर.

७. पाट्या, सोयी, वीज

एकाच फलकावर रेल्वे, एसटी आणि सिटी बसच्या वेळा हव्यात. दहा मीटरवरून वाचायचं तर अक्षर ४० मिलिमीटर लागतं; देवनागरीला मात्रा-वेलांट्यांमुळे ५० धरा. कोल्हापूरला निपाणी-बेळगावकडच्या कर्नाटकच्या गाड्या येतात, तिथे कन्नड पाटी हवीच. फलाटाला गावाचं नाव देण्यापेक्षा नंबर आणि दिशा द्या, कारण वेळापत्रक बदललं की गावाची पाटी खोटी ठरते.

महिलांच्या स्वच्छतागृहात पुरुषांच्या दुप्पट जागा ठेवा, मग रांग सारखी लागते. हिरकणी कक्ष (बाळाला दूध पाजण्याची खोली), पाणपोई, चालक-वाहकांची झोपण्याची खोली आराखड्यात पहिल्या दिवसापासून हव्यात. नंतर त्या जिन्याखाली जातात.

सिटी बस विजेवर जाणार हे धरूनच चला. पीएम ई-बस सेवा योजना २०२३ची, १६९ शहरांत १०,००० बससाठी. २४० किलोवॅटचे सहा चार्जर एकदम चालले तर १,४४० किलोवॅट, म्हणजे उच्चदाब जोडणी आणि स्वतःचं उपकेंद्र. महावितरणकडे अर्ज पायाभरणीआधी करा. जोडणी न मिळाल्यामुळे बस येऊन नुसत्या उभ्या राहिल्याची वेळ कुठल्याच शहरावर येऊ नये.

दुकानं हवीत, देखभालीचा खर्च त्यातूनच निघतो. पण ती वाटेच्या कडेला. प्रवाशाला दुकानांमधून फिरवून मागच्या बाजूच्या फलाटावर पोहोचवणारा आराखडा बांधा-वापरा-हस्तांतर कराच्या नावाखाली येतो; त्याला चालण्याच्या अंतराचा तक्ता दाखवा.

८. काँक्रीट ओतण्याआधी रंग ओता

आराखडा अंतिम करण्याआधी पंधरा दिवस पिंपं, दोऱ्या आणि चुन्याच्या रेघांनी तो जमिनीवर उतरवा. बस खरोखर वळते का, रिक्षाची रांग कुठे मोडते, लोक कुठून तिरके जातात, सगळं दिसतं. हे काही हजारांत होतं आणि यातून निघालेली चूक नंतर कोटींची झाली असती.

बांधकाम चालू असताना बस कुठे जाणार हे निविदेतच लिहा. तात्पुरत्या स्टँडला छत, संडास, दिवा आणि तारीख हवी; तारीख नसलेला तात्पुरता स्टँड वर्षानुवर्षं टिकतो. शक्य असेल तर अर्धा स्टँड चालू ठेवून अर्धा बांधा.

सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात, सहाव्या महिन्यात आणि पहिल्या पावसाळ्यात स्टॉपवॉच घेऊन रेल्वेच्या डब्याच्या दारापासून एसटीच्या दारापर्यंत चाला. एकदा मोकळ्या हातांनी, एकदा सामान घेऊन, एकदा व्हीलचेअर ढकलत. तिन्ही फेऱ्यांना लागलेली मिनिटं फलकावर लिहा आणि सुरुवातीच्या मोजणीशेजारी लावा. शेवटची फेरी रात्री सर्वांत उशिरा येणाऱ्या गाडीच्या वेळी करा: किती दिवे चालू आहेत, लिफ्टला कुलूप आहे का, प्रीपेड खिडकीत माणूस आहे का, आणि एकट्या उतरलेल्या बाईला रिक्षापर्यंत जाताना कुठे अंधार लागतो.